पाहुणा नको, मास्तर पाहिजे

पाहुणा ह्या शब्दाची मला चीड आहे. घरी येणाऱ्या पाहुण्याची नव्हे. आपल्या वस्तीत पाहुणा आला तर शेवटची भाकरी त्याच्या ताटात पडते आणि घरातलं माणूस पाणी पिऊन झोपतं. मी बोलतोय कॉलेजातल्या पाहुण्याबद्दल. नोटीस बोर्डावर ज्याचं नाव लागतं त्या 'पाहुण्या वक्त्या'बद्दल. मराठीच्या वर्गात, लेखनाच्या तासाला, वर्षातून एकदा एक दलित लेखक आणतात. नारळ, शाल, पुष्पगुच्छ. प्राचार्य दोन शब्द बोलतात आणि मीटिंग आहे म्हणून उठून जातात. पाहुणा पाऊण तास बोलतो. मग आभार, मग चहा, मग पाहुणा रिक्षात बसतो. आणि वर्ग होता तसा राहतो.

ह्याला हे लोक 'अध्यापन समृद्ध करणं' म्हणतात. अहवालात एक ओळ वाढते, फोटो चिकटवला जातो, कमिटी आली की फाईल पुढे सरकवली जाते.

गावात आपल्या बापजाद्यांना पाणी मिळत नव्हतं असं नाही. मिळायचं. पण वरून. ओंजळ खाली, तांब्या वर. तांब्याला हात लावायचा नाही. कॉलेजातला हा पाहुणचार मला तसाच वाटतो. बोला, पण खडूला हात लावू नका. बोला, पण पेपर आम्ही काढणार. बोला, पण मार्क आम्ही देणार. तुमच्या पुस्तकावर प्रश्न असेल, दहा मार्कांचा, पण त्याचं बरोबर उत्तर कोणतं ते तुम्ही नाही, गाईड ठरवणार.

दोस्तांनो, बाहेरचा माणूस वर्गात आणू नये असं मी म्हणत नाही. उलट मी म्हणतो, आणा. भरपूर आणा. लेखनाच्या वर्गाला बाहेरचं वारं लागलं नाही तर तो वर्ग कोंदटतो. एकच मास्तर, एकच भाषा, एकच चांगल्या निबंधाचा नमुना. पण ज्याला आणायचं त्याला पाहुणा म्हणून आणू नका. मास्तर म्हणून आणा. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि एवढंच ह्या व्यवस्थेला परवडत नाही.

आधी तारखा बघा. आपल्या माणसाला आमंत्रण येतं कधी? १४ एप्रिलच्या आठवड्यात. तेव्हा परीक्षा चालू असतात, निम्मा वर्ग गायब. ६ डिसेंबरच्या आसपास. १ ऑगस्टला, अण्णाभाऊंची जयंती म्हणून. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन म्हणून, पण त्या दिवशी मुख्य पाहुणा दुसराच असतो आणि आपला माणूस 'प्रमुख उपस्थिती'त. जून-जुलैमध्ये, वर्ग सुरू होतो, पोरं पहिल्यांदा वही उघडतात, तेव्हा कुणाला आपली आठवण होत नाही. जयंतीला ढोल लागतो तसा आपला लेखक लागतो. जयंती संपली की ढोल खुंटीला.

मग विषय बघा. 'दलित साहित्य : संकल्पना आणि स्वरूप'. 'माझी जडणघडण'. 'वेदना आणि विद्रोह'. पंचवीस वर्षं हेच विषय फिरतायत. लेखनाचा वर्ग आहे ना? मग लेखनाबद्दल विचारा की! पहिला खर्डा किती वेळा फाडला? संवाद बोलीत आणि निवेदन छापील भाषेत का ठेवलं? कुठली ओळ काढताना जीव गेला आणि तरी काढली? गोष्ट कुठे थांबवायची ते कसं कळलं? हे कुणी विचारत नाही. कारण त्यांच्या हिशेबात आपण भोगतो आणि ते लिहितात. आपल्याकडे अनुभव, त्यांच्याकडे कला. कातडं आपण कमवायचं, दुकान त्यांनी टाकायचं. जुनी वाटणी. फक्त जागा बदलली.

म्हणे दलित लेखकाला काय, जगला ते लिहिलं. असं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ सालचं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे करून समोरासमोर बसवले. एक वस्तीतला, एक शिकलेला. हा निर्णय वेदनेनं घेतला नाही, लेखकानं घेतला. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. फलटणला छोटं दुकान चालवणारी बाई, घरच्यांपासून वर्षानुवर्षं वह्या लपवून लिहिते, आणि आत्मकथेच्या नावात 'माझं' म्हणत नाही, 'आमुचं' म्हणते. एका सर्वनामात अख्खा महारवाडा उभा केला. बाबूराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती'मध्ये जात लपवून राहणाऱ्या माणसाच्या भीतीवर एक गोष्ट शेवटपर्यंत ताणून धरली. ऊर्मिला पवारांनी २००३ साली आपल्या आत्मकथेला 'आयदान' नाव दिलं. आई बांबूची आयदानं विणायची, त्या विणकामाशी लेकीनं आपलं लिहिणं जोडलं. ही कारागिरी आहे. वर्गात ह्यावर चार-चार तास काम करता येईल. आपले प्राध्यापक त्याच्या जागी 'दलित आत्मकथनांतील सामाजिक जाणिवा' असा मुद्दा लिहून देतात. पाच उपमुद्दे. प्रत्येकी दोन मार्क.

आता वर्गात बसलेल्या पोराकडे या, कारण खरा प्रश्न त्याचा आहे.

विक्रोळी, भांडुप, कांजूर, गोवंडी, मानखुर्द, इकडे मालवणी, दहिसर. तिथून पोरं येतात. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली. घरी 'नाय', 'व्हतं', 'गेल्ती'. शेजारी हिंदी, गल्लीत दखनी, कामावर बंबय्या. आणि वहीत 'नाही', 'होते', 'गेली होती'. लेखनाच्या तासाला विषय मिळतो 'पाऊस आणि आठवणी'. हे पोरगं चहा, भजी, मातीचा वास असं लिहितं. कुठून आणतं? दहावीच्या निबंधमालेतून. त्याच्या घरात पाऊस म्हणजे पलंगाखाली विटा लावणं, राशनचं पोतं माळ्यावर चढवणं, रात्रभर बादलीनं पाणी उपसणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कालिन्याचं विद्यापीठ त्याच सांताक्रूझमध्ये आहे. त्या पाण्यात ज्यांचं घर गेलं त्यांची पोरं आज त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांत भजी आणि मातीचा वास लिहितायत. त्यांना अनुभव नाही असं नाही. तो लिहिण्याच्या लायकीचा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

हे सांगायला बाहेरचा माणूस लागतो. मी रोज शिकवणारा मास्तर, मी दहा वेळा सांगितलं तरी पोरं माझ्याकडे मार्क देणारा म्हणून बघतात. पण ज्यानं त्यांच्याच गल्लीतून उठून पुस्तक लिहिलं तो समोर बसून म्हणाला की 'व्हतं' लिही, संवादात 'होते' खोटं वाटतंय, तर वहीचं कुलूप निघतं. हे मी पाहिलंय.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढचे तास जातील, आणि तसंही सगळी कॉलेजं एकाच पाण्यात शिजलेली. दोन वर्षांमागं मी एका म्हाताऱ्या शाहिरांना वर्गात आणलं. पालिकेच्या सफाई खात्यातून रिटायर. शिक्षण चौथी. भीमगीतं, पाळणे, पोवाडे मिळून त्यांच्याकडे सात वह्या. मी त्यांना भाषण करू नका म्हणून सांगितलं. ते म्हणाले, भाषण मला येतच नाय. बाकावर बसले, मुखडा दिला, आणि पोरांना म्हणाले अंतरा लिवा. दहा मिनिटं. मग एकेकाची वही घेतली. नियम एकच सांगितला: मागं बसलेल्या बायांना एका ऐकण्यात ओळ धरता आली नाही तर चूक बायांची नाय, ओळीची. 'घनघोर', 'प्रचंड', 'भयाण' असे शब्द आले की पेन्सिलीनं आडवी रेघ. एका पोरीनं आईच्या रात्रपाळीवर चार ओळी लिहिल्या होत्या. तीन खोडल्या, एक ठेवली. ती पोरगी रडली नाही. घरी जाऊन त्या एका ओळीवरून तिनं चार पानं लिहून आणली. एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण.

तास संपल्यावर ऑफिसात गेलो. मानधनाचा फॉर्म. नाव, पत्ता, पॅन, बँक. मग रकाना : शैक्षणिक पात्रता. एम.ए., एम.फिल., पीएच.डी., सेट-नेट. चौथीचा रकाना नाही. क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं दोनदा साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, पात्रतेत बसत नाहीत, दर लागू होत नाही, शाल देऊन टाका. शाहीर म्हणाले, "शाली घरात अकरा हायेत. गाडीभाडं द्या."

गाडीभाडं मी दिलं.

तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो एका कॉलेजचा रकाना नाही. त्या रकान्यात कोण कोण बसत नाही ते बघा. घाटकोपरचं चिराग नगर घ्या. तिथल्या चाळीत बसून अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिलं. शाळा किती, तर दीड दिवस. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. १९५९ ला 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ ला तिला राज्य सरकारचं बक्षीस. त्याच साली माणूस रशियाला जाऊन आला आणि प्रवासवर्णन लिहिलं. १९६९ ला गेला. २००२ ला टपाल खात्यानं तिकीट काढलं. २०२२ ला मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात पुतळा बसला. त्यांची पुस्तकं अभ्यासक्रमात आहेत. त्यांच्यावर पीएच.डी. होतात, पीएच.डी.वर नोकऱ्या लागतात. आणि अण्णाभाऊ स्वतः आज कुर्ल्याला उतरून, बस पकडून कालिन्याच्या गेटवर आले, म्हणाले कथा कशी लिहायची ते शिकवतो, तर? पात्रता? दीड दिवस. बसा. शाल आणतो.

नारायण सुर्व्यांच्या कवितासंग्रहाचं नाव 'माझे विद्यापीठ', १९६६ चं. गिरणी, फूटपाथ, शाळेतली शिपाईगिरी हे त्यांचं विद्यापीठ होतं. ह्या विद्यापीठानं ते पुस्तक शिकवलं. त्या विद्यापीठाची पदवी मात्र मानली नाही.

कुणी म्हणेल, आता दिवस बदललेत. बदललेत, खरं आहे. पँथरचे अरुण कांबळे ह्याच मुंबई विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले. ते पाहुणे म्हणून आले नाहीत, खुर्चीवर बसले. कालिन्यातच लोककला अकादमी आहे, तिथे शाहिरी आणि तमाशा अभ्यासाचा विषय आहे. म्हणजे मनात आलं की विद्यापीठाला जमतं. पण गाणं म्हणायचं तर लोककलेच्या खोलीत, आणि लिहायला शिकवायचं तर पदवी दाखवा, ही भिंत अजून आहे. शाहीर कलावंत म्हणून चालतो. लेखनाचा गुरू म्हणून चालत नाही.

आता नियमांचं बोलू, कारण हे लोक नेहमी नियमाआड लपतात. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची सोय काढली. आपल्या कामात मुरलेला माणूस पीएच.डी. नसली तरी विद्यापीठात शिकवू शकतो. पदवीची अट नाही. क्षेत्रांच्या यादीत साहित्य आहे, ललित कला आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. म्हणजे दार कागदावर उघडं आहे. पण उंबरा बघा. पंधरा वर्षांचा अनुभव, आणि तोही शक्यतो 'वरिष्ठ पातळीवर'चा. कंपनीतल्या व्हाईस प्रेसिडेंटची वरिष्ठ पातळी कळते. शाहिराची वरिष्ठ पातळी कोणती? चाळीस वर्षं सभा गाजवल्या, ती वरिष्ठ की कनिष्ठ? शिवाय ह्या सोयीत एक प्रकार उद्योगांच्या पैशातून चालणारा, एक संस्थेच्या पैशातून, आणि एक मानद. उद्योगपती शाहिराचा पगार देणार नाही. संस्था पैसे नाहीत म्हणणार. आपल्या वाट्याला मानद. मानद म्हणजे फुकट किंवा फुकटासारखंच. फुकट राबायची सवय आपल्याला हजार वर्षांची आहे. तिला आता नवं नाव मिळालं.

आणि ह्या दहा टक्क्यांत आपला वाटा कोण मोजणार? आरक्षणाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासिकेवर पोरं राबवायची आणि वर पाहुणे आणून वर्ग भरल्याचं दाखवायचं, असा डाव असेल तर तो आपण ओळखला पाहिजे. नेट-सेट होऊन घाटकोपर ते बोरिवली तीन कॉलेजांत तास मारत फिरणारी आपली पोरं मला रोज लोकलमध्ये भेटतात. पाहुण्याच्या नावानं त्यांचा एक तास जरी कापला तरी मी त्या पाहुण्याच्या विरोधात उभा राहीन, मग तो पाहुणा आपला असला तरी. बाहेरचा मास्तर हा आतल्या मास्तराच्या जोडीला. त्याच्या पोटावर नाही.

'पण दर्जाचं काय?' हा पांढरपेशा सवाल येणारच. चौथी शिकलेला माणूस पदवीच्या पोरांना काय शिकवणार? मी उलट विचारतो, पदवीवाल्यांनी आजवर लिहायला कितीजणांना शिकवलं? आणि दर्जाची एवढी काळजी असेल तर १९७२ चा 'गोलपिठा' आठवा. नामदेव ढसाळ, टॅक्सी चालवणारा पोरगा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मराठीतला एवढा मोठा नाटककार, त्याला त्या कवितेतले शब्द कळेनात, ती वस्ती कळेना. तेंडुलकरांनी काय केलं? ढसाळांच्या मागोमाग त्या वस्तीत फिरले. विचारलं. ऐकलं. तिथे पाहुणे तेंडुलकर होते आणि मास्तर ढसाळ. तेंडुलकरांचा दर्जा कमी झाला नाही. झाला असेल तर वाढला.

समुद्रापलीकडे बघा. आपल्या पँथरनं नाव घेतलं काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं, तर त्यांच्या रीतीही बघू. साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात 'सीक' नावाची योजना होती. गरीब वस्त्यांतल्या, काळ्या आणि पोर्टो रिकोच्या पोरांना कॉलेजात आणून त्यांना लिहायला शिकवायचं. शिकवायला कोण? जून जॉर्डन, ऑड्रे लॉर्ड, टोनी केड बंबारा, एड्रिएन रिच. लिहित्या बाया, कवयित्री. ह्या एक दिवस शाल घ्यायला आल्या नव्हत्या. वर्ग त्यांचा होता, वह्या त्यांच्या हातात होत्या. आणि १९६९ साली त्याच कॉलेजातल्या काळ्या आणि पोर्टो रिकन पोरांनी कॉलेज ताब्यात घेतलं, आमच्या वस्तीच्या पोरांना दार उघडा म्हणून. १९७० पासून प्रवेश खुले झाले. शिकागोची ग्वेंडोलिन ब्रुक्स घ्या. शिक्षण दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजपर्यंत. १९५० साली पुलित्झर मिळालं, ते मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. पुढे कॉलेजांत शिकवलं, आणि गल्लीतल्या टोळीच्या पोरांचीही लेखनाची बैठक घेतली. तिला कुणी रकाना दाखवला नाही.

आणि हे परकं आहे असं समजू नका. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. त्याच मिलिंदच्या आवारात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, काळ्यांच्या साहित्याची ओळख घेऊन आले, आणि लिहिणारी पोरं तयार झाली. तिथूनच 'अस्मिता', मग 'अस्मितादर्श'. आपलं साहित्य व्याख्यानमालेतून जन्मलं नाही. वह्या वाचणाऱ्या, खोडणाऱ्या, छापणाऱ्या माणसांतून जन्मलं.

आता थोडं आपल्यांबद्दल. दुसऱ्यांना शिव्या घालून आपलं अंग धुतलं जात नाही. आपल्यातही काही आहेत, ज्यांना पाहुणा होणं आवडायला लागलंय. कपाट शालींनी भरलंय. तेच भाषण, तेच टाळीचे शब्द, तीच गरिबीची हकिगत, दर वर्षी थोडी जास्त गरीब. पोरांनी वही पुढे केली तर सही करून परत देतात, वाचत नाहीत. प्रश्न विचारला तर 'तू अजून चळवळ समजून घे' म्हणतात. असल्यांना वर्गात आणून काय करायचं? हा लेखक वर्गात बसून पोराचं पान वाचणार असेल तर तो आपला. नाहीतर माईकवाला आणि तो सारखेच. माईकवाला निदान वेळेवर येतो.

आणि बाहेरचा माणूस म्हणजे फक्त लेखक, असंही नाही. बातमी लिहिण्याचा पेपर असतो. पोरांना पाच 'क'कार शिकवतात : कोण, काय, कुठे, केव्हा, का. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. पोलीस म्हणाले टँकर पेटवणार होते. गुंडेवार आयोगानं गोळीबार अनाठायी ठरवला. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. हे सगळं घाटकोपर-मुलुंडच्या कॉलेजांपासून रिक्षाच्या अंतरावर घडलं. त्या सकाळी तिथे असलेली माणसं आज म्हातारी होतायत. त्यातली एक बाई वर्गात येऊन बसली आणि पोरांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं, मग त्या दिवसाची छापून आलेली बातमी शेजारी ठेवली, तर 'का' हा पाचवा 'क'कार कसा लिहायचा ते एका तासात कळेल. पुस्तकात ते नाही. आणि त्या बाईला तासाचे पैसे दिले पाहिजेत, कारण त्या तासाची ती मास्तर आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कुणी इन्कलाब म्हणून घाबरायला नको, पण कुणी सूचना म्हणून फाईलला लावायलाही नको.

एक. आमंत्रण जयंतीला नको, वर्ग सुरू होताना द्या. एका तासाचं नको, निदान चार तासांचं. पहिल्या तासाला पोरांचं ऐकावं, दुसऱ्याला वह्या वाचाव्यात, तिसऱ्याला खोडून घ्यावं, चौथ्याला पुन्हा लिहिलेलं बघावं.

दोन. पोरांनी पाहुण्याचं एक तरी पान आधी वाचलेलं असलं पाहिजे. न वाचता बोलावणं हा अपमान आहे, हार कितीही जाड असो.

तीन. विषय वेदना नको, काम. जात कळली आहे सगळ्यांना. वाक्य कसं बांधलं ते विचारा.

चार. मानधन पदवी बघून नको, तास बघून द्या. पीएच.डी.ला जो दर तोच चौथीला. आणि त्याच दिवशी, हातात. रोजंदारीवरचा माणूस एक दिवस बुडवून येतो, त्याला तीन महिन्यांनी चेक नको.

पाच. अंतर्गत मूल्यमापनात त्याचं मत धरा. वीस मार्कांतले पाच मार्क त्याच्या हातात द्या. मार्काशिवाय मास्तरकी नाही, हे कॉलेजवाल्यांनीच आपल्याला शिकवलंय.

सहा. दर वेळी त्यालाच कॉलेजात ओढू नका. वर्ग उचला आणि चिराग नगरात जा, रमाबाई नगरात जा, भांडुपच्या डोंगरावर जा, विहारात बसा. पोरांनी पाहुणं व्हावं. बेंचवर बसून पाऊस लिहिण्यापेक्षा ते बरं.

सात. रिकाम्या जागा भरा, रोस्टरप्रमाणे भरा. बाहेरचा माणूस त्या जागेचा पर्याय नाही.

हे कोण करणार? युनिव्हर्सिटी आपण होऊन करेल ह्या भ्रमात मी नाही. हे वाचणारे तुम्ही, कुणी एसवायला, कुणी एम.ए.ला, कुणी माझ्यासारखे तासिकेवर. तुमच्या विभागात पुढच्या सहामाहीचं वेळापत्रक लागायच्या आधी अर्ज टाका. पाच जणांच्या सह्या पुरतात. कोणाला आणायचं त्याचं नाव लिहा, तो काय शिकवेल ते लिहा, किती तास आणि किती पैसे ते लिहा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा. लेखी नाही द्यायला हे लोक फार घाबरतात. आणि तोवर थांबू नका. रविवारी समाजमंदिर रिकामं असतं. चटई टाका, वह्या आणा, एका म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला बोलवा, आणि गाडीभाडं आधी गोळा करून ठेवा.